शितावरून भात : अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आधी ओळखता येतो का?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत कोण जिंकणार, हे मतदानापूर्वी खरोखर सांगता येते का? आणि सांगता येत असेल, तर शेकडो जनमत चाचण्या, शक्तिशाली संगणक आणि नामांकित विद्यापीठांतील प्राध्यापक हाताशी असूनही २०१६ साली बहुतेकांचे अंदाज का चुकले? दर चार वर्षांनी हे दोन प्रश्न सामान्य वाचक विचारतो आणि त्याला मिळणारी उत्तरे सहसा दोन टोकांची असतात. कोणी म्हणते की हे सारे पंचांगासारखे आहे, कोणी म्हणते की हे निव्वळ थोतांड आहे. वस्तुस्थिती या दोन्हींहून वेगळी आहे. निवडणुकीच्या भाकितामागे एक शास्त्र आहे, त्याला स्वतःच्या चुकांतून शिकण्याची जवळजवळ शंभर वर्षांची परंपरा आहे, आणि त्याला काही मर्यादाही आहेत, ज्या कितीही हुशारीने ओलांडता येत नाहीत. हे शास्त्र समजून घ्यायचे तर प्रथम भाकीत कशाचे करायचे ते पाहावे लागते, मग माहिती कशी गोळा होते ते, आणि शेवटी त्या माहितीतून निष्कर्ष कसा काढला जातो ते.

१. भाकीत नेमके कशाचे करायचे?

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष देशभरातील एकूण मतांच्या बेरजेवर निवडला जात नाही. मतदार आपापल्या राज्यात मत देतात, त्या मतांवरून त्या राज्याचे ‘निर्वाचक’ ठरतात आणि या निर्वाचकांचे मंडळ राष्ट्राध्यक्ष निवडते. प्रत्येक राज्याला प्रतिनिधिगृहात जितक्या जागा असतात, त्यात सिनेटच्या दोन जागा मिळवून जी संख्या येते तितके निर्वाचक त्या राज्याला मिळतात. प्रतिनिधिगृहाचे ४३५, सिनेटचे १०० आणि १९६१ च्या घटनादुरुस्तीने राजधानी वॉशिंग्टनला मिळालेले ३, असे एकूण ५३८ निर्वाचक होतात, आणि विजयासाठी २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळता उरलेल्या ४८ राज्यांत ज्याला एका मताने का होईना आघाडी मिळते, त्याच्या पदरात त्या राज्याचे सर्व निर्वाचक पडतात.

या पद्धतीचा परिणाम क्रिकेटच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. पाच सामन्यांच्या मालिकेत एखाद्या संघाने दोन सामने दोनशे-दोनशे धावांनी जिंकले आणि उरलेले तीन पाच-पाच धावांनी गमावले, तर मालिकेतील त्याच्या एकूण धावा कितीतरी जास्त भरतील, पण चषक मात्र दुसऱ्याच संघाकडे जाईल. भारतीय वाचकाला लोकसभेच्या निवडणुकीतही हेच दिसते, कारण तेथेही मतांची टक्केवारी आणि जागांची संख्या या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून चालत नाहीत.

अमेरिकेत याचा प्रत्यय अलीकडे दोनदा आला. २००० साली अल गोर यांना देशभरात जॉर्ज बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख ४० हजार मते जास्त मिळाली, पण फ्लोरिडा राज्य बुश यांनी अवघ्या ५३७ मतांनी जिंकले आणि २७१ निर्वाचकांसह ते राष्ट्राध्यक्ष झाले. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून अधिक मते जास्त पडली, तरी मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून सुमारे ७८ हजार मतांनी निकाल फिरला. २०२० साली जो बायडन देशभरात ७० लाखांहून अधिक मतांनी पुढे होते, मात्र ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन येथील त्यांची एकूण आघाडी जेमतेम ४३ हजारांची होती. ही तीन राज्ये हातची गेली असती, तर दोन्ही बाजूंना २६९ निर्वाचक मिळून बरोबरी झाली असती.

म्हणून भाकीत करणाऱ्याला साऱ्या देशाचा कौल ओळखून भागत नाही. ज्या मोजक्या राज्यांत दोन्ही पक्षांचे बळ जवळजवळ सारखे आहे, ज्यांना ‘स्विंग स्टेट’ म्हणजे झुलती राज्ये म्हणतात, त्यांचा कौल ओळखावा लागतो. २०२४ साली पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेव्हाडा अशी सात राज्ये झुलती मानली जात होती आणि त्यांच्याकडे मिळून ९३ निर्वाचक होते. न्यू जर्सीतील एडिसन परिसरात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, पण ते राज्य १९९२ पासून सातत्याने डेमोक्रॅटिक पक्षाकडे जात असल्याने तेथील मताला उमेदवार फारसे विचारत नाहीत. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात राहायला गेलेल्या त्याच कुटुंबाच्या दारात मात्र प्रचारक पुन्हा पुन्हा येतात. भाकिताचे सारे लक्षही नदीच्या त्या काठावर खिळलेले असते.

२. चुकीच्या पातेल्यातले शीत

मतदानापूर्वी मतदारांचा कल जाणण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्यांना विचारणे, आणि सर्वांना विचारणे शक्य नसल्याने काहींना विचारणे. यालाच ‘नमुना’ म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा होते, ही म्हण नमुना पद्धतीचे सार सांगते. पण या म्हणीत एक अट गृहीत धरलेली आहे. शीत त्याच पातेल्यातले हवे आणि पातेल्यातील भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा.

ही अट विसरल्याचे परिणाम १९३६ साली दिसले. ‘लिटररी डायजेस्ट’ या त्या काळच्या लोकप्रिय साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या आणि त्यांतील सुमारे २३ लाख भरून परत आल्या. इतका प्रचंड नमुना हाती असल्याने साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार आल्फ्रेड लँडन मोठ्या फरकाने जिंकणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सुमारे ६१ टक्के मते आणि ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली, आणि लँडन यांच्या वाट्याला केवळ मेन आणि व्हर्माँट ही दोन राज्ये आली.

चूक कोठे झाली? साप्ताहिकाने पत्ते मिळवले ते मुख्यतः टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. महामंदीच्या त्या दिवसांत टेलिफोन आणि मोटार या दोन्ही गोष्टी तुलनेने सुस्थितीतील घरांत होत्या, आणि रूझवेल्ट यांचा मुख्य आधार त्या घरांबाहेर होता. शिवाय मतपत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारे लोक आणि ती न घेणारे लोक यांचे मतही सारखे नव्हते. त्याच वर्षी जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५० हजार लोकांच्या, पण समाजाच्या निरनिराळ्या थरांतून निवडलेल्या नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकतील असे सांगितले. रूझवेल्ट यांच्या मतांचा त्यांचा आकडा बराच कमी निघाला, पण विजेता बरोबर ठरला. दोन वर्षांत ‘लिटररी डायजेस्ट’ बंद पडले आणि शास्त्रीय जनमत चाचणीचे युग सुरू झाले.

मात्र बारा वर्षांनी गॅलप यांनाही धडा मिळाला. १९४८ साली त्यांच्या शेवटच्या चाचणीत टॉमस ड्यूई यांना ४९.५ टक्के आणि हॅरी ट्रूमन यांना ४४.५ टक्के मते दाखवली होती, आणि प्रत्यक्षात निकाल जवळजवळ उलटा लागला. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने तर ड्यूई जिंकल्याचा मथळा आधीच छापला होता आणि विजयी ट्रूमन यांनी तोच अंक हसत उंचावल्याचे छायाचित्र जगप्रसिद्ध झाले. या चुकीची दोन कारणे महत्त्वाची होती. पहिले म्हणजे चाचण्या मतदानाच्या बऱ्याच आधी थांबवल्या गेल्या आणि शेवटच्या आठवड्यांत मन बदलणारे मतदार हिशेबाबाहेर राहिले. दुसरे म्हणजे प्रत्येक प्रश्नकर्त्याला ‘इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके शेतकरी’ असा कोटा नेमून दिला जाई, पण त्या कोट्यातील नेमकी माणसे तो स्वतः निवडत असे, आणि माणूस स्वाभाविकपणे ज्यांच्याशी बोलणे सोपे जाते अशांकडेच वळतो. यानंतर माणसे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी, निवडण्याची पद्धत हळूहळू रूढ झाली.

३. हजार माणसांवरून कोट्यवधींचा कल कसा कळतो?

तेहतीस-चौतीस कोटींच्या देशात केवळ हजार लोकांना विचारून काय कळणार, ही शंका जवळजवळ प्रत्येक वाचकाच्या मनात येते. तिचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. चारजणांच्या आमटीत मीठ किती पडले हे जसे पळीभर आमटी चाखून कळते, तसेच लग्नघरच्या मोठ्या पातेल्यातील आमटीचेही पळीभरावरूनच कळते. पातेले मोठे आहे म्हणून चाखायला बादली लागत नाही. आमटी नीट ढवळलेली असावी, एवढेच आवश्यक असते, आणि यदृच्छ निवड हे ढवळण्याचेच काम करते.

तरीही पळीत कधी मीठ थोडे जास्त येते, कधी थोडे कमी. हा योगायोगाचा फरक किती असू शकतो, हे गणिताने सांगता येते आणि त्याला ‘त्रुटीची मर्यादा’ म्हणतात. हजार लोकांच्या नमुन्यात ती सुमारे ३ टक्के असते. याचा अर्थ असा की, अशा शंभर चाचण्या घेतल्या तर त्यांपैकी सुमारे ९५ चाचण्यांत मिळालेला आकडा खऱ्या आकड्याच्या ३ टक्के वर किंवा खाली एवढ्या पट्ट्यात असेल. ही मर्यादा निम्म्यावर आणायची तर नमुना दुप्पट करून भागत नाही, तो चौपट करावा लागतो. ४ हजार लोकांना विचारले की मर्यादा दीड टक्क्यावर येते आणि १६ हजारांना विचारले की पाऊण टक्क्यावर. खर्च सोळापट आणि फायदा चौपट, असा हा व्यवहार असल्याने बहुतेक चाचण्या हजार-दीड हजारांवर थांबतात.

येथे एक बारकावा बहुतेक बातम्यांतून सुटतो. समजा, एका चाचणीत ‘अ’ला ४८ टक्के आणि ‘ब’ला ४५ टक्के मिळाले. ३ टक्क्यांची मर्यादा प्रत्येकाच्या आकड्याला लागू आहे. ‘अ’चा आकडा योगायोगाने जितका वर गेला असेल, तितका ‘ब’चा खाली गेलेला असतो, कारण एकाचा मतदार नमुन्यात वाढला की दुसऱ्याचा घटतो. त्यामुळे दोघांमधील अंतराची त्रुटीमर्यादा जवळपास दुप्पट, म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास होते. अशा चाचणीवरून ‘अ तीन टक्क्यांनी पुढे’ असा मथळा देता येतो, पण ‘अ’ खरोखरच पुढे आहे असे खात्रीने म्हणता येत नाही.

४. फोन न उचलणाऱ्यांचे मत

वरील सर्व हिशेब एका गृहीतावर उभा आहे. ज्यांना विचारायला निवडले ते उत्तर देतात, असे तो धरून चालतो. हे गृहीत आज फार कमकुवत झाले आहे. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या टेलिफोन चाचण्यांत १९९७ साली शंभरांपैकी ३६ जण उत्तर देत होते, तर २०१८ साली हे प्रमाण ६ वर आले. उरलेल्या ९४ जणांचे मत उत्तर देणाऱ्या सहांसारखेच असेल असे मानायला कोणताही आधार नसतो. लिटररी डायजेस्टची जुनी अडचण नव्या रूपात परत आली आहे, असेच म्हणावे लागते.

यावरचा उपाय म्हणजे ‘भारांकन’. नमुन्यात ज्या गटाची माणसे गरजेपेक्षा कमी आली, त्यांच्या उत्तरांना जास्त वजन द्यायचे आणि ज्यांची जास्त आली, त्यांच्या उत्तरांना कमी. एक छोटे काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका राज्यात दर शंभर मतदारांमागे ४० पदवीधर आणि ६० अपदवीधर आहेत, पण पदवीधर मंडळी चाचणीला अधिक उत्साहाने उत्तर देत असल्याने शंभरांच्या नमुन्यात ६० पदवीधर आणि ४० अपदवीधर आले. पदवीधरांपैकी ६० टक्के आणि अपदवीधरांपैकी ४० टक्के लोक ‘अ’च्या बाजूचे आहेत. नमुना आहे तसा मोजला तर ‘अ’ला ३६ अधिक १६, म्हणजे ५२ मते मिळतात आणि तो जिंकताना दिसतो. खऱ्या प्रमाणाप्रमाणे वजन दिले तर २४ अधिक २४, म्हणजे ४८ मते होतात आणि तो हरताना दिसतो. उत्तर देणाऱ्यांपैकी एकानेही मत बदललेले नाही. बदलले आहे ते हिशेबाचे माप.

२०१६ साली नेमके हेच घडले. अमेरिकेतील जनमत संशोधकांच्या संघटनेने निवडणुकीनंतर जी तपासणी केली, तिच्यात असे आढळले की देशव्यापी चाचण्या बऱ्याच अंशी बरोबर होत्या, परंतु राज्यांतील अनेक चाचण्यांनी शिक्षणानुसार भारांकन केलेच नव्हते. कमी शिकलेला गोरा मतदार मोठ्या प्रमाणावर ट्रम्प यांच्याकडे वळलेला असताना तो नमुन्यात मात्र कमी होता. शिवाय अखेरच्या दिवसांत मन ठरवणाऱ्यांपैकी बरेच जण या राज्यांत ट्रम्प यांच्याकडे गेले. विस्कॉन्सिनमध्ये चाचण्यांची सरासरी क्लिंटन यांना सुमारे ६ टक्क्यांनी पुढे दाखवत होती आणि प्रत्यक्षात ते राज्य ट्रम्प यांनी १ टक्क्याहून कमी फरकाने जिंकले.

भारांकनाने सारे काही सुधारते, असे मात्र नाही. २०२० पर्यंत शिक्षणाचा हिशेब बहुतेकांनी सुरू केला होता, तरी त्या वर्षीच्या देशव्यापी चाचण्यांतील चूक ४० वर्षांतील सर्वांत मोठी ठरली. त्यामागचे संभाव्य कारण असे सांगितले जाते की, एकाच वयाच्या, शिक्षणाच्या आणि वंशाच्या दोन माणसांतही चाचणी घेणाऱ्यावर विश्वास ठेवणारा आणि न ठेवणारा असा भेद असतो, आणि हा भेद मताशी जोडलेला असेल तर जनगणनेतील कोणताही रकाना तो भरून काढू शकत नाही. त्यातच आणखी एक अवघड प्रश्न असतो. उत्तर देणाऱ्यांपैकी मतदानाला खरोखर कोण जाणार? अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीतही सुमारे एक तृतीयांश पात्र मतदार घरीच राहतात, त्यामुळे चाचणी घेणाऱ्याला मताबरोबर मतदाराच्या पावलांचाही अंदाज बांधावा लागतो.

५. मतदारांना न विचारता केलेले अंदाज

काही अभ्यासकांनी चाचण्या बाजूला ठेवून वेगळी वाट धरली. सत्तेवरच्या पक्षाचे भवितव्य देशाच्या परिस्थितीवरून ओळखता येते, असे ते मानतात. येल विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ रे फेअर यांनी १९७८ साली आर्थिक वाढ, महागाई आणि सत्तेचा काळ यांवरून मतांची टक्केवारी काढणारे समीकरण मांडले. राज्यशास्त्रज्ञ ॲलन अब्रामोविट्झ यांनी विद्यमान राष्ट्राध्यक्षाची लोकप्रियता, निवडणूक वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीतील आर्थिक वाढ आणि पक्ष किती काळ सत्तेत आहे, या तीन गोष्टींवर आपले सूत्र उभारले. इतिहासकार ॲलन लिक्टमन यांनी १९८१ साली भूकंपाच्या भाकितांचा अभ्यास करणारे सोव्हिएत शास्त्रज्ञ व्लादिमीर कैलिस-बोरोक यांच्यासह तेरा विधानांची एक यादी तयार केली. त्यांतील सहा किंवा अधिक विधाने खोटी ठरली, तर सत्ताधारी पक्ष हरतो, असा त्यांचा नियम आहे. या नियमाने अनेकदा बरोबर उत्तर दिले, पण २०२४ साली त्यावरून कमला हॅरिस जिंकतील असे काढलेले अनुमान चुकले.

या पद्धतींची खरी अडचण आकडेवारीच्या तोकडेपणात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ पासून २०२४ पर्यंत, अमेरिकेत केवळ २० अध्यक्षीय निवडणुका झाल्या. इतक्या थोड्या घटनांशी जुळणारा नियम शोधू गेल्यास तो कोठे ना कोठे सापडतोच. वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाने निवडणुकीपूर्वीचा आपल्या मैदानावरील शेवटचा सामना जिंकला की सत्ताधारी पक्ष टिकतो आणि हरला की जातो, असा एक ठोकताळा १९४० पासून २००० पर्यंत खरा ठरत आला होता. २००४ साली संघ हरला आणि सत्तेवरचे बुश मात्र जिंकले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसा तो साठ वर्षांचा योगायोग होता. अर्थव्यवस्था आणि मत यांचा संबंध अर्थातच इतका पोकळ नाही, त्यामागे समजण्याजोगे कारण आहे. परंतु त्या संबंधाची नेमकी ताकद किती, हे वीस निवडणुकांवरून बारकाईने ठरवता येत नाही.

६. एकाच काट्यावर तोललेली राज्ये

आजचे प्रमुख अंदाज या सर्व माहितीची मोट बांधतात. प्रत्येक राज्यातील चाचण्यांची सरासरी काढली जाते, तीत आर्थिक स्थितीची भर घातली जाते आणि मग संगणकावर हजारो काल्पनिक निवडणुका ‘लढवून’ त्यांतील किती निवडणुकांत कोण २७० चा आकडा गाठतो, हे मोजले जाते. नेट सिल्व्हर यांनी २००८ साली सुरू केलेल्या ‘फाइव्हथर्टीएट’ या प्रकल्पाने, ज्याचे नावच ५३८ निर्वाचकांवरून पडले होते, त्या वर्षी ५० पैकी ४९ राज्यांत आणि २०१२ साली सर्व ५० राज्यांत विजेता बरोबर सांगितला. त्यामुळे ही पद्धत घराघरांत पोचली.

२०१६ च्या मतदानाच्या दिवशी याच प्रकल्पाने ट्रम्प यांना सुमारे २९ टक्के संधी दिली होती, तर इतर काही अंदाजांत ती १ ते २ टक्के एवढीच होती. साधारण सारख्याच चाचण्या वापरून उत्तरांत एवढी तफावत कशी पडली? याचे उत्तर एका छोट्या गणितात आहे.

समजा, मागे असलेल्या उमेदवाराला जिंकण्यासाठी तीन राज्ये हवी आहेत, तिन्हीही हवीत, आणि प्रत्येक राज्यात त्याची संधी ३० टक्के आहे. तिन्ही राज्यांचे निकाल एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर तिन्ही जिंकण्याची शक्यता ०.३ गुणिले ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ०.०२७, अर्थात तीन टक्क्यांहूनही कमी होते. पण ही राज्ये एकमेकांची सख्खी भावंडे असतील आणि एक पडले की तिन्ही पडत असतील, तर तिन्ही जिंकण्याची शक्यता सरळ ३० टक्केच राहते. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांत कारखान्यांचा वारसा, लोकसंख्येची घडण आणि मतदारांची गाऱ्हाणी पुष्कळशी सारखी आहेत. एकात चाचणी चुकली, तर उरलेल्या दोहोंतही ती त्याच दिशेने चुकण्याचा संभव मोठा असतो.

दुकानदाराचा काटा जर किलोमागे पन्नास ग्रॅम कमी तोलत असेल, तर साखर, डाळ आणि तांदूळ सारेच कमी भरतात. एका वस्तूत कमी आणि दुसऱ्या वस्तूत जास्त असे होऊन हिशेब आपोआप जुळत नाही, आणि कितीही वेळा तोलून सरासरी काढली तरी काट्याचा दोष जात नाही. चाचण्यांची सरासरी योगायोगाच्या चुका पुसते, पण सर्व चाचण्यांत समान असलेली चूक तशीच ठेवते. २०२४ साली हे पुन्हा दिसले. सातही झुलत्या राज्यांत लढत अटीतटीची दिसत होती, तरी सातही राज्ये ट्रम्प यांच्याकडे गेली आणि निर्वाचकांचा हिशेब ३१२ विरुद्ध २२६ असा झाला.

काटा कोणत्या बाजूला झुकला आहे हे आधी ठाऊक असते, तर तो दुरुस्त करता आला असता. परंतु ही दिशा कायम नसते. २०१६, २०२० आणि २०२४ मध्ये ट्रम्प यांचे बळ कमी लेखले गेले, तर २०१२ साली बराक ओबामा यांची आघाडी चाचण्यांच्या सरासरीत सुमारे १ टक्का असताना ते जवळजवळ ४ टक्क्यांनी जिंकले. म्हणून मागच्या चुकीएवढे आकडे उलट दिशेने सरकवणे, हा उपाय दिसतो तितका सुरक्षित नाही.

७. ‘७१ टक्के’ या शब्दांचा अर्थ

क्लिंटन यांना ७१ टक्के संधी आहे, हे वाक्य अनेकांनी ‘क्लिंटन जिंकणार’ असे वाचले. काहींनी तर त्यांना ७१ टक्के मते मिळणार, असाही अर्थ घेतला. मतांची टक्केवारी आणि विजयाची शक्यता या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ५२ टक्के मतांची खात्री असेल तर विजयाची शक्यता जवळजवळ १०० टक्के होते. उरलेल्या २९ टक्क्यांचे वजनही लक्षात घ्यायला हवे. सोंगट्यांचा फासा टाकल्यावर १ किंवा २ पडण्याची शक्यता ३३ टक्के असते, आणि तसे दान पडल्यावर फासा खोटा होता असे कोणी म्हणत नाही.

मग अशा भाकिताची परीक्षा कशी घ्यावी? एखाद्या हवामान केंद्राने ज्या ज्या दिवशी पावसाची शक्यता ३० टक्के सांगितली, ते सर्व दिवस एकत्र मोजावेत. त्यांतील दर दहा दिवसांपैकी सुमारे तीन दिवस पाऊस पडला असेल, तर ते केंद्र विश्वासार्ह आहे. एकही दिवस पडला नसेल, तर ते उगाच घाबरवते, आणि सात दिवस पडला असेल, तर ते गाफील ठेवते. हवामान खात्याला अशी परीक्षा देण्यासाठी वर्षाला ३६५ दिवस मिळतात. अध्यक्षीय निवडणूक मात्र चार वर्षांतून एकदाच येते, त्यामुळे २५ भाकिते तपासायची म्हटली तरी १०० वर्षे लागतात. एका निवडणुकीत नाव बरोबर सांगितले म्हणून कोणाला द्रष्टा मानणे आणि चुकले म्हणून कोणाला ढोंगी ठरवणे, दोन्ही घाईचेच आहे.

८. मोजणीच्या रात्रीचे भाकीत

मतदान संपल्यानंतरही भाकीत थांबत नाही, कारण भारताप्रमाणे देशभराचे निकाल जाहीर करणारा एकच निवडणूक आयोग अमेरिकेत नाही. मोजणी आणि प्रमाणीकरण राज्ये करतात आणि त्या रात्री ‘अमुक जिंकले’ असे जे घोषित होते, ते वृत्तसंस्थांनी अपुऱ्या मोजणीवरून काढलेले अनुमान असते. १९५२ साली सीबीएस वाहिनीवर युनिव्हॅक या संगणकाने मोजणीच्या सुरुवातीलाच ड्वाइट आयझेनहॉवर यांना ४३८ आणि प्रतिस्पर्ध्याला ९३ निर्वाचक मिळतील, असे सांगितले. लढत चुरशीची होणार असा सर्वांचा समज असल्याने हा आकडा सुरुवातीला प्रेक्षकांना सांगण्यातच आला नाही. अंतिम निकाल ४४२ विरुद्ध ८९ असा लागला.

युनिव्हॅकला हे साधले, कारण निकाल एकतर्फी होता. २००० साली वाहिन्यांनी फ्लोरिडा आधी गोर यांना दिले, मग परत घेतले, मध्यरात्रीनंतर बुश यांना दिले आणि तेही परत घेतले. २०२० साली पेनसिल्व्हेनियात टपाली मतपत्रिका उघडण्याचे काम मतदानाच्या दिवसापूर्वी सुरू करण्यास कायद्याने मुभा नव्हती आणि टपाली मतदान करणाऱ्यांत डेमोक्रॅट अधिक होते. त्यामुळे आधी पुढे दिसणारे ट्रम्प मोजणी सरकत गेली तसे मागे पडले आणि निकालाचे अनुमान मंगळवारऐवजी शनिवारी जाहीर झाले. पहिल्या शितांवरून भात ओळखताना पातेल्याच्या कोणत्या थरातली शिते आधी वर आली, हे येथेही पाहावे लागते.

९. मग आधी सांगता येते का?

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. १९८४ साली रोनाल्ड रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. त्या निवडणुकीत कोणतीही पद्धत वापरली असती, तरी विजेता चुकला नसता. २००० साली फ्लोरिडात सुमारे ६० लाख मतांपैकी ५३७ मतांचा फरक होता, म्हणजे शेकडा ०.००९ एवढा. हजारांच्या नमुन्यात अंतराची त्रुटीमर्यादा ६ टक्के असते, हे ध्यानात घेऊन आणि मर्यादा निम्मी करायला नमुना चौपट लागतो हा नियम लावून हिशेब केला, तर एवढा सूक्ष्म फरक ओळखण्यासाठी ४० कोटींहून अधिक लोकांना विचारावे लागले असते. त्या वेळी साऱ्या अमेरिकेची लोकसंख्या सुमारे २८ कोटी होती. म्हणजे त्या राज्याचा निकाल जाणण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे निवडणूक घेणे.

भाकिताची अचूकता भाकीत करणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते, पण त्याहून अधिक ती निवडणुकीच्या चुरशीवर अवलंबून असते, आणि अलीकडच्या काळात अमेरिकेतील चुरस फार वाढली आहे. अशा वेळी चांगला अंदाज विजेत्याचे नाव ठासून सांगत नाही. किती माहिती आहे, किती नाही आणि चूक झालीच तर ती किती मोठी असू शकेल, हे तो आकड्यांत मांडतो. वाचकानेही पुढच्या वेळी आकडा समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात : हा आकडा देशाचा आहे की निर्णायक राज्याचा, तो मतांचा आहे की संधीचा, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांचे काय केले. या तिन्हींची उत्तरे मिळूनही विजेता कळला नाही, तर दोष भाकिताचा असेलच असे नाही. मतदारांनी अजून निर्णय दिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि जो निर्णय अजून झालेलाच नाही तो आधी सांगण्याचे वचन कोणत्याही शास्त्राने देऊ नये.